हवेवर थंड, बाजारात गरम

२००० सालच्या आसपास अमेरिकेत दहा-पंधरा हजार डॉलर जमवले, की पोर्शे ९११ एससी दारात उभी करता यायची. शोरूममधली साधी नवी सेडानही त्याहून महाग पडे. गाडी १९७८ ते १९८३ या वर्षांतली, म्हणजे विशीच्या घरातली. थोडे तेल गळणार, एसी नावापुरता असणार, सकाळच्या थंडीत दुसरा गिअर कुरकुरणार, हे सगळे धरूनच सौदा व्हायचा. आज तीच गाडी धड अवस्थेत हवी असेल, तर चाळीस-पन्नास हजार डॉलरच्या खाली सहसा मिळत नाही. कमी पळालेली, मूळ रंगातली असेल तर आकडा बराच पुढे जातो. मधल्या काळात गाडी काही सुधारलेली नाही. उलट आणखी वीस-पंचवीस वर्षांनी म्हातारी झाली आहे.

फरक पडला तो मालकात. पंधरा हजारांच्या गाडीच्या पत्र्यावर करवत चालवताना कोणाचा हात अडखळत नसे. साठ हजारांच्या गाडीत रेडिओ बदलायचा म्हटले तरी माणूस चार जणांना विचारतो. जुनी स्पोर्ट्‌स कार विकत घेणे आणि ती आपल्या मर्जीप्रमाणे घडवणे, ही एकाच हौसेची दोन अंगे होती. भाव चढले तसे त्यांचे आपसात पटेनासे झाले. या बेबनावाचे उदाहरण म्हणून १९६४ ते १९९८ या काळातली, हवेवर थंड होणारी ९११ घेतली आहे. इतक्या वर्षांत तिचा मूळ आराखडा फारसा हलला नाही. त्यामुळे एका सालचा भाग दुसऱ्या सालच्या गाडीत बसतो, आणि फेरफार करण्याचा मोहही तिथेच सुरू होतो.

भाव चढले ते गाड्या दुर्मीळ म्हणून, असे वाटणे साहजिक आहे. पण एससी आणि तिच्या पाठोपाठ १९८९ पर्यंत चाललेली कॅरेरा ३.२, या दोनच मॉडेलांच्या मिळून सव्वा लाखाहून अधिक गाड्या बनल्या. आजवर बनवलेल्या आपल्या गाड्यांपैकी ७० टक्क्यांहून जास्त अजून चालू स्थितीत आहेत, असे कंपनी अभिमानाने सांगते. म्हणजे मालाचा तुटवडा नाही. संपली ती जात. १९९८ मध्ये ९९३ मॉडेलचे उत्पादन थांबले आणि त्यानंतरच्या ९९६ मध्ये इंजिनाभोवती पाणी आले. मागच्या चाकांच्याही मागे बसवलेले, सहा सिलिंडरचे, मोठ्या पंख्याची हवा आणि बारा-तेरा लिटर तेल यांच्या जोरावर थंड राहणारे इंजिन, आणि त्याचा तो कोरडा, खरखरीत आवाज, यात पुन्हा भर पडणार नव्हती. त्यातच १९८०च्या दशकात ज्यांच्या खोलीच्या भिंतीवर या गाडीचे पोस्टर होते, ती मुले २०१०च्या पुढे हातात पैसा खेळणारी झाली. २००८च्या मंदीनंतर व्याजदर शून्याला टेकले होते आणि बँकेत पैसा ठेवण्यात अर्थ उरला नव्हता. शिवाय ‘ब्रिंग अ ट्रेलर’सारख्या ठिकाणी २०१४ पासून इंटरनेटवर लिलाव होऊ लागले. कोणती गाडी कितीला गेली हे जगजाहीर झाले, आणि आडगावच्या म्हाताऱ्याकडून स्वस्तात गाडी उचलण्याचे दिवस संपले.

तरीही ही चढण सरळ नाही. २०११ ते २०१६ मध्ये भाव जोरात वाढले, मग थबकले, करोनाच्या काळात पुन्हा उसळले आणि नंतर निवळले. गाडीवर किती नफा झाला हे रंगवून सांगणाऱ्याला गॅरेजच्या पावत्याही दाखवायला सांगावे. या इंजिनाचे पूर्ण काम चांगल्या हातून करून घ्यायचे, तर आज अमेरिकेत वीस-तीस हजार डॉलर लागतात. त्यात जागेचे भाडे, विमा आणि टायर धरले, की बऱ्याच जणांचा नफा तिथेच जिरलेला असतो.

घेताना पहिली नजर पत्र्यावर हवी. इंजिन कितीही बिघडले तरी ते उतरवून टेबलावर मांडता येते. ९११ला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हीच तिची हाडे. तो सडला तर गाडी कापून पुन्हा जोडावी लागते. वाळवीने आतून पोखरलेल्या तुळईला वरून रोगण मारून वाडा विकावा, तसा प्रकार इथे सर्रास चालतो. १९७६च्या मॉडेलपासून पूर्ण बॉडी जस्त चढवलेल्या पत्र्याची झाली. त्याआधीच्या गाड्यांना गंज फार लवकर धरतो. पुढच्या झाकणाखाली बॅटरीची जागा असते, तिथून सुरुवात करावी. मग पेट्रोलच्या टाकीखालचा, पुढचे सस्पेन्शन जिथे बोल्टने बसते तो भाग. मग दारांखालच्या पट्ट्या आणि जॅक लावण्याच्या जागा. दाराच्या कुलपाच्या खाली, मागच्या चाकाच्या तोंडाशी बोट दाबून पाहावे. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र सगळीकडे सारखा आकडा दाखवत असेल तर ठीक. एका दारावर आकडा एकदम तिप्पट झाला, तर खाली लांबी भरलेली आहे. जस्ताच्या बॉडीचाही भरवसा अपघात होईपर्यंतच. ठोकून सरळ केलेल्या, वेल्डिंग केलेल्या जागी जस्त उरत नाही. जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तिथल्या गाडीचे पोट तपासायचे. कॅलिफोर्नियातल्या गाडीचे पोट सहसा कोरडे असते, पण उन्हाने डॅशबोर्डला भेगा पडलेल्या असतात. दोन्हींतून निवडायचे तर भेगा पत्कराव्यात.

इंजिनाची परीक्षा सालाप्रमाणे बदलते. १९७४ ते १९७७ च्या २.७ लिटर इंजिनाचा क्रँककेस मॅग्नेशियमचा होता. वजनाला हलका, पण तापला की मऊ पडणारा. सिलिंडर घट्ट धरून ठेवणारे लांब स्टड त्यातून आटे ओढून बाहेर यायचे. अमेरिकेतल्या गाड्यांना धुराच्या नियमांसाठी एक्झॉस्टवर थर्मल रिअ‍ॅक्टर बसवले होते. ती धगधगती भट्टी इंजिनाला खेटूनच होती, त्यामुळे तिथे हा रोग जास्त झाला. या इंजिनांचे क्रँककेस आता बहुतेक ठिकाणी पोलादी आटे घालून दुरुस्त झाले आहेत. पावती असेल तर घाबरण्याचे कारण नाही, नसेल तर भाव त्या हिशेबानेच करावा.

एससीपासून क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमचा झाला आणि गाडीला दणकट म्हणून नाव मिळाले. पण तिचीही एक खोड आहे. तिचे खालच्या बाजूचे स्टड डिलावार नावाच्या मिश्रधातूचे होते आणि ते तुटतात, तेही गुपचूप. तपासणीच्या वेळी मेकॅनिक गाडी लिफ्टवर घेतो आणि खालचे व्हॉल्व्ह कव्हर सोडतो. सगळे ठीक असेल तर तेलाचे चार थेंब पडतात. नसेल तर तुटक्या तुकड्यासकट एक नट त्याच्या तळहातावर येतो. त्या एका नटाचा अर्थ इंजिन बाहेर काढणे, आणि एकदा उघडल्यावर बाकीचे तरी कशाला जुने ठेवायचे, या न्यायाने बिल कुठच्या कुठे जाते. तरी ही तपासणी करू न देणारा विक्रेता भेटतोच. त्याला नमस्कार करून निघावे.

सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून किती गळते ते पाहणारी लीकडाउन चाचणी करून घ्यावीच. पण स्वतःला करता येण्यासारखी एक साधी गोष्ट अशी, की या गाडीचे तेल नेहमीच्या गाडीसारखे बंद इंजिनात बघायचे नसते. गाडी सपाट जागी उभी, इंजिन पूर्ण तापलेले आणि चालू असताना तेलाची पट्टी ओढायची. थंड, बंद गाडीची पट्टी दाखवून तेल कमी आहे म्हणत वर ओतत राहणाऱ्या मालकाने बाकी काळजी कशी घेतली असेल, याचा अंदाज येतो.

आता कागद. इंजिनाचा नंबर पंख्याजवळ क्रँककेसवर कोरलेला असतो, चासीचा पुढच्या झाकणाखाली. १९८०च्या दशकातल्या गाड्यांत तिथेच एक स्टिकर असतो; त्यावर मूळ रंगाचे आणि कारखान्यातून घेतलेल्या जादा गोष्टींचे सांकेतिक आकडे छापलेले असतात. हे सगळे जुळले की गाडी ‘मॅचिंग नंबर्स’ ठरते आणि भाव एकदम वर चढतो. रंग बदललेला किंवा इंजिन दुसऱ्या गाडीचे निघाले, की तोच भाव खाली येतो.

ज्याला गाडी चालवायची आहे, त्याने ही दुसरी गाडी शोधावी असे माझे मत आहे. पत्रा निरोगी, इंजिन दुसरे पण नीट बांधलेले, मूळचा तपकिरी रंग जाऊन कोणीतरी लाल दिलेला. अशी गाडी रस्त्यावर मूळ गाडीइतकीच चालते. तिचे अवमूल्यन आधीच्या मालकाने सोसून टाकलेले असते. तिच्यावर आणखी काही केले तरी मन खात नाही. मूळ गाडीचा मालक मात्र पावसाचे ढग दिसले की झाकण घालतो आणि प्रत्येक किलोमीटरला भावातून काय वजा झाले ते मोजतो. संग्राहकांना हे पटणार नाही. त्यांचा खेळ वेगळा आहे.

मर्जीप्रमाणे घडवण्याचा इतिहास पाहिला तर त्यात फॅशनच्या लाटा दिसतात, आणि प्रत्येक लाटेने पुढच्या पिढीला दुरुस्तीचे काम ठेवले आहे. सुरुवात झाली १९७३च्या कॅरेरा आरएस २.७ पासून. शर्यतीच्या नियमासाठी अशा ५०० गाड्या बनवणे भाग होते, आणि एवढ्या खपतील का याचीच विक्री विभागाला शंका होती. शेवटी १,५८० बनल्या. २१० अश्वशक्ती, पातळ पत्रा, आणि मागच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा वर उचललेला पंख. धुराच्या नियमांमुळे ती अमेरिकेत अधिकृतपणे विकलीच गेली नाही. मग तिथल्या हौशी लोकांनी ती घरी बनवायला घेतली. साधी ९११टी घ्यायची, फायबरचे शेपूट लावायचे, बाजूला मोठ्या अक्षरांत ‘कॅरेरा’ लिहायचे. त्या काळी ९११टी ही गरिबाची ९११ होती, तिची कोणाला पर्वा नव्हती. आता खऱ्या आरएसला लाखो डॉलर पडतात, आणि न छेडलेली ९११टी शोधणारेही कमी नाहीत. छेडलेल्या टींची शेपटे काढून मूळ झाकणे बसवण्याचा धंदा तेजीत आहे.

पुढची लाट रुंद टर्बोची. एससीचे मडगार्ड कापायचे, टर्बोसारखे फुगीर वेल्ड करायचे, कधी पुढचे गोल दिवेही काढून नाक सपाट करायचे. १९८०च्या दशकात हे श्रीमंतीचे लक्षण होते. कारखान्यानेच बनवलेल्या सपाट नाकाच्या गाडीला आज मान आहे. गल्लीतल्या गॅरेजात कापलेल्या गाडीला गिऱ्हाईक मिळता मिळत नाही. तिसरी लाट उलट्या दिशेची. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे ताशी ८ किलोमीटरचा धक्का झेलण्यासाठी १९७४च्या मॉडेलपासून भात्यासारख्या रबरी घड्यांचे जाड बंपर आले होते. ते फेकून द्यायचे, १९७३पर्यंतचे लांब झाकण आणि बारीक बंपर लावायचे, आणि नव्या गाडीला जुन्याचे रूप द्यायचे. दिसायला ती सुरेखच दिसते, हे कबूल केले पाहिजे. पण त्या भात्यासकटची एससी आता स्वतःच जुनी आणि हवीहवीशी झाली आहे, आणि कापलेले पुढचे पॅनेल परत आणणे स्वस्त नाही.

या सगळ्याला एक मोठा अपवाद आहे. २००९ मध्ये रॉब डिकिन्सन यांनी कॅलिफोर्नियात सिंगर ही कंपनी सुरू केली. गृहस्थ पूर्वी कॅथरीन व्हील या ब्रिटिश रॉक बँडचे गायक होते. कंपनीच्या नावात तो धंदा आहे आणि पोर्शेचे शर्यतीचे अभियंता नॉर्बर्ट सिंगर यांना सलामही. गिऱ्हाईक आपली १९८९ ते १९९४ मधली ९६४ घेऊन येते. ती पार सोलली जाते, वर कार्बन फायबरची जुन्या वळणाची बॉडी चढते, इंजिन नव्याने बांधले जाते. ज्या फेरफारांनी इतरांच्या गाड्यांचे भाव पाडले, तेच फेरफार इथे किंमत अनेक लाख डॉलरवर नेतात. कारण काम त्या दर्जाचे आहे, आणि नावाला वजन आहे. घरच्या गॅरेजात सिंगरची नक्कल करणाऱ्यांना हे दुसरे कारण आठवत नाही. याचा एक परिणाम असाही झाला, की ९११च्या कुटुंबात कित्येक वर्षे नावडती असलेली ९६४ कच्चा माल म्हणून उचलली जाऊ लागली आणि तिलाही भाव आला.

मग साध्या मालकाने काय करावे? डोळ्यांना न दिसणारे, आणि शक्यतो परत काढता येईल असे काम करावे. सगळ्यात आधी टायमिंग चेनचे टेन्शनर. १९८४पूर्वीच्या गाड्यांत ते स्वतःपुरत्या तेलावर चालत. त्यातले तेल झिरपून गेले की टेन्शनर बसतो, चेन ढिली पडते, दात चुकवते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. कॅरेरा ३.२ मध्ये कंपनीने टेन्शनरला इंजिनाच्या तेलाचा दाब दिला आणि प्रश्न मिटला. तेच टेन्शनर आधीच्या गाड्यांना बसतात. एरवी मूळपणावर काटेकोर असणारा खरेदीदारही या बदलाची पावती पाहून खूश होतो.

एससीसाठी दुसरी गोष्ट आणखी स्वस्त. इंजिनावर प्लॅस्टिकचा एक मोठा एअरबॉक्स असतो. थंड इंजिन सुरू करताना कधी उलटा भडका उडतो, बॉक्स आतून फुटतो आणि गाडी जागेवर थांबते. तो बदलण्यासाठी सगळा पसारा उपसावा लागतो. यावर उपाय म्हणजे स्प्रिंगवर उघडणारी, हाताच्या पंजात मावेल एवढी झडप. बॉक्सला गोल भोक पाडून ती इपॉक्सीने चिकटवतात. भडका उडाला तर झडप क्षणभर उघडते, दाब बाहेर जातो आणि ती परत मिटते. काही डॉलरच्या या तुकड्यासाठी मूळ भागाला भोक पाडणे सगळ्यांनाच मान्य आहे. कॅरेरा ३.२ च्या मालकांचा याच जातीचा शहाणपणा म्हणजे डीएमई रिले. तो गेला की पेट्रोल पंपच बंद होतो आणि गाडी भर रस्त्यात मरते. म्हणून जाणकार मालकाच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक जादा रिले असतोच.

जास्त जोर हवा म्हणून हात सहसा एक्झॉस्टकडे जातो. इथे एक अडचण आहे. या गाडीत पाण्याचा हीटर नाही. एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती हवा फिरवून तीच केबिनमध्ये सोडतात. शर्यतीचे उघडे हेडर बसवले की आवाज झकास येतो, पण हिवाळ्यात आत कुडकुडायचे आणि काचेवरची वाफ फडक्याने पुसायची. स्टेनलेस स्टीलचे, उष्णता घेणारे संच मिळतात, ते महाग असले तरी दोन्ही साधतात. शिवाय कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धुराची तपासणी माफ आहे, त्यानंतरच्यांना नाही. एससीचा मूळ एक्झॉस्ट भंगारात दिलेला माणूस विकायच्या वेळी तो शोधत फिरतो. काढलेला प्रत्येक भाग खोक्यात घालून, चिठ्ठी लावून ठेवावा; गाडीबरोबर ती खोकी गेली की भावात फरक पडतो.

बाकीची कामे पटकन सांगता येतील. शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि झिजलेले रबरी बुश बदलल्याने गाडी जितकी बदलते, तितकी वीस अश्वशक्तीने बदलत नाही. टायरवर चार आकडे असतात, त्यांत उत्पादनाचा आठवडा आणि साल असते. नक्षी कोरी असली तरी दहा वर्षांचा टायर बदलावा, विशेषतः इंजिन मागे असलेल्या आणि वळणावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागचा भाग फेकणाऱ्या या गाडीत. फुक्सची मूळ घडीव चाके मात्र कोणी कितीही सुचवले तरी विकू नयेत.

विम्याचा विषय कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच त्यात लोक फसतात. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये अशा गाड्यांचा विमा ठरलेल्या रकमेचा असतो: गाडी गेली तर इतके पैसे, हे आधीच कागदावर. २०१० मध्ये वीस हजारांची रक्कम ठरवून नंतर ती तशीच ठेवणाऱ्याला आग लागल्यावर वीस हजारच मिळतात. बाजारात गाडी साठ हजारांची झाली याच्याशी कंपनीला कर्तव्य नसते. दर दोन वर्षांनी मूल्यांकन करून घ्यावे आणि केलेल्या कामाच्या पावत्या त्यात जोडाव्यात.

बे एरियात किंवा श्टुटगार्टमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला अशी गाडी घेऊन पुढेमागे पुण्याला न्यावी असे वाटले, तर एक गंमत होते. वापरलेली मोटार भारतात आणण्याचा सर्वसाधारण नियम तीन वर्षांहून जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवे, असा आहे. दुसरीकडे २०२१च्या केंद्रीय नियमांनी ‘व्हिंटेज’चा दर्जा ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांना दिला. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, आणि रोजच्या वापराला त्या रस्त्यावर आणता येत नाहीत. १९८३ची एससी या दोन्हींच्या मधोमध अडकते. १९७३ची गाडी वयात बसते, पण तिचे भाव आपण पाहिलेच, आणि शेपूट लावून मडगार्ड कापलेली असेल तर मूळ रूपाची अट आडवी येते.

ज्यांना हवेवरची परवडत नाही, ते आता ९९६ कडे वळले आहेत. अंडे फुटल्यासारख्या दिव्यांची म्हणून हिणवलेली, सगळ्यात स्वस्त ९११. तिच्या इंजिनातल्या मधल्या शाफ्टचे, म्हणजे आयएमएसचे, बेअरिंग निकामी होऊन पूर्ण इंजिन जाण्याची भीती असल्याने ती इतकी वर्षे खाली राहिली. टर्बो आणि जीटी३ ची इंजिने वेगळ्या घराण्यातली, त्यांना हा रोग नाही. साध्या ९९६ चे भावही आता हलू लागले आहेत, आणि तिचे मालक तेच करत आहेत जे एससीवाल्यांनी टेन्शनरच्या बाबतीत केले. बेअरिंगपर्यंत जायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तो क्लच बदलतानाही उतरतोच. म्हणून दोन्ही कामे एकदम करतात, मजुरी एकदाच लागते. जाहिरातीत ‘आयएमएस केलेले’ असे लिहिले असेल, तर कोणते बेअरिंग घातले, कोणत्या साली आणि किती किलोमीटरवर, हे विचारावे, आणि त्या कामाच्या पावतीवर याच गाडीचा चासी नंबर आहे का ते पाहावे.